शाळा वाचवण्याआधी तिचा पट वाच

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मिळाले. पट (पटावरची मुले) वीसच्या आत आहे म्हणून तुमच्या तांड्यावरची चौथीपर्यंतची शाळा शेजारच्या मोठ्या गावातल्या शाळेत ‘समायोजित’ करण्याच्या हालचाली सुरू आहेत, केंद्रप्रमुखांनी तशी माहिती मागवली आहे आणि तांड्यावरच्या तरुणांनी तहसील कार्यालयावर मोर्चा न्यायचे ठरवले आहे, असे तू लिहिलेस. मोर्चाचे निवेदन मी तयार करून द्यावे, अशी तुझी इच्छा आहे. निवेदन मी लिहून देईन. परंतु त्यात काय लिहायचे हे तुम्ही तांड्यावरच्या लोकांनी आधी शोधून काढायला हवे. ते माझ्याजवळ नाही, तहसीलदारांजवळ नाही आणि तुमच्या शाळेचा आदेश ज्यांच्या सहीने निघेल त्यांच्याजवळही नाही.

मी हरलेल्या एका शाळेबद्दल आधी सांगतो, कारण ती गोष्ट मी आजवर फार कमी लोकांजवळ बोललो आहे. निवृत्तीच्या काही वर्षे आधी मी आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या एका शाळेवर होतो. जवळच एक कोलाम पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती, होते आणि पोडावर दोन खोल्यांची स्वतंत्र शाळा होती. पटावर चौदा मुले आणि शिकवायला एक शिक्षक. ती शाळा आमच्या शाळेत मिळवायचे ठरले, तेव्हा पालकांची समजूत घालायला मीच पोडावर गेलो. आमच्याकडे शिक्षक जास्त आहेत, मुलांना सोबती मिळतील, न्यायला-आणायला ऑटो येईल, असे मी मनापासून सांगितले आणि माझ्या शब्दावर लोकांनी कागदावर अंगठे दिले. ऑटो दिवाळीपर्यंत आला. पुढे त्याचे बिल थकले आणि तो बंद झाला. ऑटो येईल असे कुठल्याही कागदावर लिहिलेले नव्हते, म्हणून तो का बंद झाला हे विचारायचे कोणाला, तेही कोणाला सांगता येईना. होळीपर्यंत चौदापैकी पाच मुले शाळेत येत राहिली. बाकीच्या नऊ जणांची नावे आमच्या हजेरीपटावर होती आणि ती मुले बकऱ्यांमागे होती, किंवा धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरी बसली होती. त्यांत दुसरीची एक मुलगी होती. पोडावरच्या शाळेत ती फळ्यावरचे शब्द बोट ठेवून मोठ्याने वाचायची. त्या उन्हाळ्यात मी तिच्या घरी गेलो, तर ती कुडाच्या आड उभी राहून माझ्याकडे पाहत राहिली, बाहेर आली नाही. मी आणलेले पुस्तक मी ओसरीवर ठेवले आणि परत आलो.

त्या पोडावर कोणी मोर्चा काढला नव्हता, पण मोर्चा निघाला असता तरी शाळा वाचली असती असे मला वाटत नाही. चौदा मुलांपैकी प्रत्येकाची वाट कुठून जाते, पावसाळ्यात ती कुठे तुटते, घरात सकाळी कोण असते, हे आदेशाआधी कोणी लिहून काढलेच नव्हते. माझ्याजवळही ते नव्हते, आणि मी तर शिक्षक होतो.

म्हणून पहिले काम असे कर. शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना सोबत घेऊन मुख्याध्यापकांना भेट आणि दाखलखारीज रजिस्टरवरून मागच्या दहा वर्षांत दरवर्षी पहिलीत किती मुले आली, किती दाखला काढून गेली आणि कुठे गेली, याची एका वहीत नोंद घे. त्याच वहीत तांड्यावरच्या प्रत्येक घराची माहिती लिही: सहा ते अकरा वयाची किती मुले आहेत, त्यांतली आपल्या शाळेत किती, कान्व्हेंटच्या गाडीने जाणारी किती, आईवडिलांसोबत ऊसतोडीला जाणारी किती आणि कुठेच न जाणारी किती. अंगणवाडी सेविकेच्या नोंदवहीतून पुढच्या तीन वर्षांत पहिलीत येऊ शकणाऱ्या मुलांची नावे घे. हे काम चार संध्याकाळी होईल. सोयाबीन काढायला येण्याआधी कर, नंतर लोक घरी सापडणार नाहीत.

या वहीत एकही खोटे नाव येऊ देऊ नकोस, ही माझी कळकळीची विनंती आहे. पट वाढवून दाखवला की शाळा वाचते, असे सांगणारे लोक तुला भेटतील. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा अनेक ठिकाणी कागदावरची मुले वर्गात सापडली नाहीत आणि त्यानंतर प्रामाणिक शाळांच्या पटाकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले. आता तर यूडायस या शाळांच्या ऑनलाइन माहिती प्रणालीत प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद होते. एक खोटे नाव सापडले, तर उरलेल्या सगळ्या खऱ्या नावांचे वजन जाते.

आता कायद्याचे बोलू. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. आपल्या राज्याचे त्याखालचे नियम २०११ चे आहेत. त्यांत पहिली ते पाचवीसाठी वस्तीपासून चालत एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी असे आहे. तुला ज्या ‘वीस’ या आकड्याची भीती दाखवली जात आहे, तो याच नियमात आहे. परंतु तो कशासंबंधी आहे ते नीट वाच. सहा ते अकरा वयाची किमान वीस मुले उपलब्ध असतील आणि त्या शाळेत प्रवेश घ्यायला तयार असतील, तिथे शाळा स्थापन करावी असा त्याचा आशय आहे. म्हणजे तो शाळा सुरू करण्याबाबतचा आकडा आहे, आणि त्यात मोजायची मुले म्हणजे आज पटावर असलेलीच नव्हेत. तुझ्या वहीत पटावरची मुले बारा आणि वस्तीवरची त्या वयाची मुले सत्तावीस निघाली, तर उरलेल्या पंधरांच्या पालकांपैकी किती जण लेखी तयारी देतात यावर तुमचा सगळा युक्तिवाद उभा राहील. ‘आमचा पट बारा आहे, दया करा’ असे लिहिलेल्या निवेदनाला उत्तर मिळत नाही. ‘या वस्तीत त्या वयाची इतकी मुले आहेत, इतक्या पालकांनी सही करून प्रवेशाची तयारी दिली आहे, यादी सोबत जोडली आहे’ असे लिहिलेल्या निवेदनाला उत्तर द्यावे लागते.

अंतराचेही तसेच आहे. कार्यालयात अंतर डांबरी रस्त्याने किंवा नकाशावरच्या सरळ रेषेने मोजले जाते, आणि आपल्याकडची मुले पांदणीने जातात. पोडावरची शाळा गेल्यानंतरच्या पावसाळ्यात मी एकदा त्या वाटेने मुलांसोबत चाललो होतो. ते मी आदेशाआधी करायला हवे होते. काळ्या मातीत चप्पल रुतते म्हणून मुलांनी ती हातात धरली होती. नाल्याला गुडघ्याच्या खाली पाणी होते, माझ्या गुडघ्याच्या. पहिलीतल्या मुलाच्या ते मांडीला लागत होते. त्याने दप्तर डोक्यावर धरले आणि दुसऱ्या हाताने माझे बोट. मला एकट्याला वीस मिनिटांची असलेली ती वाट त्या दिवशी पन्नास मिनिटांची झाली आणि शाळेत पोहोचल्यावर मुले ओल्या कपड्यांनी दुपारपर्यंत बसली. आपल्या विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे वर्षाची सुरुवातच चिखलात होते. तू ही वाट आत्ताच, भाद्रपदात, तुमच्या सर्वांत लहान मुलासोबत चाल. किती वाजता निघालो, नाला कुठे ओलांडला, किती वाजता पोहोचलो, हे लिही. मोबाईलवर अंतर मोज आणि पाण्याच्या जागी छायाचित्र काढ. वाटेत जंगलाचा पट्टा असेल आणि तिथे वाघ-अस्वलाचा वावर असेल, तर वनविभागाकडे त्याच्या नोंदी असतात, त्यांची प्रत माग.

प्रवासाची सोय करू, असे तुम्हाला सांगितले जाईल. सांगणारा माणूस खोटे बोलत असेल असे नाही. मीही खोटे बोललो नव्हतो. पण कोणते वाहन, कोणत्या निधीतून, किती महिने, बंद पडल्यास जबाबदार अधिकारी कोण, हे लेखी मिळाल्याशिवाय समितीने संमतीच्या ठरावावर सही करू नये. एसटीचा अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास मुलींना पाचवीपासून मिळतो, आणि मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या बसगाड्या मोठ्या वर्गांतल्या मुलींसाठी आहेत. तुमच्या तांड्यावरून हलवली जाणारी मुले पहिली ते चौथीची आहेत. त्यांना यांतले काय लागू होते, हे सभेत सरळ विचार.

आता सर्वांत अवघड भागाकडे येतो. तुझ्या पत्रात शासनावर तीन पाने आहेत आणि कान्व्हेंटला मुले पाठवणाऱ्या शेजाऱ्यांवर एक कडवट ओळ आहे. ती ओळ खोडून टाक. ते लोक तुझे विरोधक नाहीत, आणि त्यांच्याशिवाय ही शाळा वाचणार नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी याच तांड्यावरची सगळी मुले याच शाळेत होती. मग ती का गेली, हे त्यांना विचारायला त्यांच्या ओट्यावर जाऊन बस आणि मधे न बोलता ऐक. टाय, बूट आणि इंग्रजीचे आकर्षण, हे उत्तर पहिल्यांदा येईल, कारण ते द्यायला सोपे आहे. थोडा वेळ बसलीस की दुसरी उत्तरे निघतील: दोन वर्षांपूर्वी शिक्षकांची बदली झाली आणि सहा महिने कोणी आले नाही, एकच गुरुजी असल्याने ते मीटिंगला गेले की शाळेला कुलूप लागते, संडासाला पाणी नाही, म्हणून मुलगी दुपारी घरी येते ती परत जात नाही, तिसरीतल्या मुलाला स्वतःचे नाव लिहिता येत नाही. ही उत्तरे ऐकायला जड जातात. मला निवृत्तीनंतरही जड जातात, कारण त्यांतली काही माझ्या काळातली आहेत. परंतु शाळा बंद होण्याची प्रक्रिया आदेशाच्या दिवशी सुरू होत नाही. एक पद रिक्त राहते, शेजारचा शिक्षक प्रतिनियुक्तीवर येतो आणि जातो, एका वर्षी पहिलीत दोनच मुले येतात, पालक पाहतात आणि पुढच्या वर्षी आपले मूल गाडीत बसवतात. मग एक दिवस पट कमी आहे असे पत्र येते. ते पत्र आल्यावर धावाधाव करणे म्हणजे बैल गेला आणि झोपा केला असे आहे. तुमचा बैल अजून गोठ्यात आहे, म्हणून हे लिहितो.

ही उत्तरे मिळाल्यावर त्यांतल्या गावाच्या हातात असलेल्या गोष्टी लगेच सुरू करा. पाण्याची टाकी ग्रामपंचायतीच्या निधीतून होऊ शकते. संध्याकाळी दोन तास तू आणि तुझ्या दोन मैत्रिणी वाचनाचा वर्ग घेऊ शकता. घरी गोरमाटी ही आपली बंजारा बोली बोलणारे मूल पहिलीत मराठी ऐकून गप्प बसते आणि त्यालाच लोक ढ समजतात, हे तू स्वतः सोसले आहेस. दोन्ही भाषा जाणणारे माणूस वर्गात असणे किती मोलाचे असते ते तुला कोणी सांगायला नको. नवरात्रात देवीपुढे लोक जमतील, तेव्हा आपल्या शाळेतल्या चार मुलांना सर्वांसमोर वर्तमानपत्र वाचायला लाव. गाडीने जाणाऱ्या मुलांचे पालक ते ऐकतील. एका घराने जरी मूल परत आणले, तरी त्याची किंमत शंभर सह्यांपेक्षा जास्त आहे.

ऊसतोडीच्या कुटुंबांचे वेगळे पाहावे लागेल. दसऱ्यानंतर त्यांच्या गाड्या निघतात आणि मुले मार्च-एप्रिलपर्यंत फडावर असतात. अशा मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे आणि तिची मागणी शाळा व्यवस्थापन समितीने गाड्या निघण्याआधी करायची असते. तुमच्याकडे अशी किती मुले आहेत ते वहीतून कळेलच. तांड्याचे प्रमुख असलेल्या नायक आणि कारभाऱ्यांना या कामात पुढे ठेव. मुलाला आजीजवळ ठेवून जा, हे त्यांचे ऐकून होईल, तुझे ऐकून होणार नाही.

समोरच्या बाजूचे म्हणणेही तुला प्रामाणिकपणे माहीत असले पाहिजे. २०२२ साली शासनाने कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली, तेव्हा वीसपर्यंत पट असलेल्या १४,७८३ शाळांचा आकडा पुढे आला. त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले आणि २९,७०७ शिक्षक होते. म्हणजे सरासरी एका शाळेत बारा-तेरा मुले. २१ सप्टेंबर २०२३ रोजी शिक्षण आयुक्तांच्या पत्राने समूह शाळांचे, म्हणजे अनेक लहान शाळा मिळून एक मोठी शाळा करण्याचे, प्रस्ताव मागवले गेले, त्यात पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणे होती. अशा प्रस्तावांमागचा विचार असा की चार वर्गांना एकच शिक्षक आणि प्रत्येक वर्गात दोन-तीन मुले असली की खेळ नाही, गटात शिकणे नाही, मुले आणि शिक्षक दोघेही एकटे पडतात. हा विचार वाईट हेतूचा आहे असे मी म्हणणार नाही. चार वर्ग एकट्याने शिकवताना होणारी ओढाताण मी सोसली आहे. परंतु वर सांगितलेल्या २००९ च्या शिक्षणाच्या कायद्याच्या परिशिष्टात साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक सांगितले आहेत, आणि १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या (पटावरून शिक्षकांची पदे मंजूर करण्याच्या) शासन निर्णयाने कमी पटाच्या शाळांमधली पदे आणखी आटली. आधी शिक्षक कमी करायचा आणि मग शिक्षक कमी म्हणून शाळा हलवायची, हे तुम्ही शांतपणे, आकड्यांनिशी दाखवून द्या.

आणि एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवणार नाही. तांड्यावर खरोखरच तीन मुले उरली असतील, पुढच्या तीन वर्षांत अंगणवाडीतून एखादेच मूल येणार असेल आणि दुसरी शाळा डांबरी रस्त्याने अर्ध्या किलोमीटरवर असेल, तर मी तुला लढ असे सांगणार नाही. तेव्हा त्या तीन मुलांचा प्रवास आणि नव्या शाळेतली त्यांची जागा यांसाठी लढावे लागेल. वही पूर्ण झाल्याशिवाय तुमची शाळा कोणत्या बाजूची आहे हे तुलाही माहीत नाही आणि मलाही नाही.

कागदांचा क्रम असा ठेव. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. अध्यक्ष पालकच असतो. तिची सभा लाव, इतिवृत्त नीट लिहून घे, शाळा विकास आराखड्यात रिक्त पद, पाणी आणि पाचवीच्या वर्गाची मागणी घाल. एक किलोमीटरच्या आत पाचवी नसेल, तर तुमच्या शाळेला पाचवीचा वर्ग जोडण्याची मागणी रास्त आहे आणि त्याने पटही वाढतो. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तोच ठराव घे. तांडा गटग्रामपंचायतीत आहे, म्हणून मोठ्या गावचे लोक बहुसंख्य असतील. त्यांच्याशी आधी बोलून ठेव, कारण आपल्या शाळेचा पट वाढेल म्हणून त्यांतल्या काहींना हे समायोजन हवे असू शकते. समायोजनाच्या प्रस्तावाची, अंतराच्या दाखल्याची आणि संचमान्यतेची प्रत माहिती अधिकारात माग. दहा रुपयांचे शुल्क आहे आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. शिक्षणाच्या कायद्याच्या कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा लागतो, आणि त्याने समाधान झाले नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा दरवाजा त्याच्याही पुढे आहे. तिथे जाण्याची वेळ आलीच, तर वकील पहिल्यांदा हेच कागद मागतील. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नकोस.

तुमच्या गुरुजींना मंचावर बोलावू नकोस. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत आणि आंदोलनात दिसलेल्या शिक्षकाची बदली तुमच्या शाळेला परवडणार नाही. ते जेवढी माहिती नियमाने देऊ शकतात तेवढी घे आणि त्यांचे नाव कुठेही घेऊ नकोस.

मोर्चा काढायचा की नाही, हे ग्रामसभेनंतर ठरवा. काढलाच, तर तहसीलवर नको. तहसीलदारांचा या निर्णयाशी संबंध नाही. पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि गरज पडल्यास जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे जा. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून येणाऱ्या बायांना रिकाम्या हाताने परत यावे लागू नये, म्हणून भेटीची वेळ आधी लेखी मागून घे.

३० सप्टेंबरचा पट नोंदवला जाईल त्याआधी तुझी वही पूर्ण कर आणि तिच्या पानांची छायाचित्रे मला पाठव. त्यांवरून मी निवेदनाचा मसुदा तयार ठेवतो. ग्रामसभेच्या आदल्या दिवशी दुपारच्या गाडीने मी फाट्यावर उतरेन. तिथून तांड्यापर्यंत तुमची मुले ज्या वाटेने जातील त्याच वाटेने मला ने. पाऊस असला तरी चालेल. सोबत त्या सर्वांत लहान मुलाला घेऊन ये.

तुझा,
एक जुना शिक्षक